तुम्ही विचारलंत म्हणून: गिनीपिगच्या पायाखाली काय घालावं?

"तुमच्या गिनीपिगच्या पिंजऱ्यात खाली काय घालता हो?" सोसायटीच्या लिफ्टमध्ये, मुलीच्या शाळेच्या गेटवर, कधी अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनवर मला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे बहुतेक वेळा आईबाप असतात. मुलांच्या हट्टाखातर घरात गिनीपिगची जोडी आलेली असते. सोबत मिळालेल्या पिंजऱ्याच्या तळाला तारेची जाळी असते आणि "लेंड्या खाली पडतात, साफसफाईची कटकट नाही" एवढं सांगून दुकानदाराने त्यांना वाटेला लावलेलं असतं. दरवेळी उभ्याउभ्या अर्धंच उत्तर देता येतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी ती जाळी काढा. निघत नसेल तर पूर्ण झाकून टाका. गिनीपिगच्या तळव्यांवर केस नसतात, तिथली कातडी उघडी आणि मऊ असते. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं वजन ७०० ते १२०० ग्रॅम भरतं आणि ते सगळं त्या चार चिमुकल्या तळव्यांवर येतं. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला प्राणी. पेरू आणि बोलिव्हियातल्या डोंगरी गावांत तो खाण्यासाठी पाळतात. तिथल्या कित्येक घरांत तो स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळा फिरतो, समोर टाकलेलं गवत खातो आणि त्याच गवतावर बसतो. त्याचे जंगलातले नातलग उंच गवतात वाटा पाडून राहतात. माती आणि गवत यांच्यासाठी घडलेला पाय तारेवर ठेवला की वजन दोन-तीन बारीक रेघांवर येतं, बोट जाळीत अडकतं, आणि घाबरून पळताना नख उपटणं किंवा पाय मोडणं काही दूर नसतं.

जाळीवर हळूहळू होणारं नुकसान याहून वाईट, कारण ते वरून दिसत नाही. तळवा लाल होतो, मग चकचकीत आणि जाड होतो, कातडी फाटते आणि तिथे जिवाणू शिरतात. इंग्रजीत याला बंबलफूट म्हणतात. एकदा आत संसर्ग झाला की महिनोन्महिने ड्रेसिंग चालतं आणि कधीकधी संसर्ग हाडापर्यंत पोचतो. गिनीपिग दुखणं लपवतो. तो खात राहतो, शिट्टी मारत राहतो, फक्त थोडा कमी हलतो, आणि आपल्याला वाटतं की स्वभावच शांत असेल. म्हणून आठवड्यातून एकदा त्याला उचलून मांडीवर घ्या आणि चारही तळवे नीट बघा. पुढे चार-चार आणि मागे तीन-तीन बोटं असतात, नखंही तेव्हाच बघून होतात. वाढलेलं वाकडं नख पायाचा तोल बिघडवतं आणि भार चुकीच्या जागी टाकतं.

जाळी हे बंबलफूटचं एकच कारण नाही, हे मात्र मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. मऊ पण ओला बिछाना तितकाच घातक. मुतात भिजलेल्या कापडावर दिवसभर बसलेल्या प्राण्याची कातडी नरम पडते आणि नरम कातडी लवकर फाटते. त्यामुळे काय घालावं याचं माझं खरं उत्तर एकच: जे कोरडं राहील ते. फ्लीस की भुसा, कागद की गवत, ही निवड त्यानंतरची. पिंजऱ्याजवळ जाऊन नाक गिनीपिगच्या उंचीवर न्या. तिथे डोळ्यांत झोंबणारा वास येत असेल तर बिछाना कितीही महागडा असो, तो बदलायला उशीर झालाय. तो वास अमोनियाचा असतो आणि तुमच्या उंचीवर तो निम्मासुद्धा जाणवत नाही. श्वसनाचे आजार या प्राण्यांना पटकन होतात.

आता साहित्याकडे येते. आमच्याकडे डोंबिवलीत वर्षातले सात-आठ महिने फ्लीस चालतं. फ्लीस म्हणजे थंडीच्या जॅकेटचं किंवा स्वस्त ब्लँकेटचं ते मऊ पॉलिएस्टर कापड. त्याची खुबी अशी की ते स्वतः फारसं पाणी धरत नाही. ओल धाग्यांमधून खाली उतरते आणि वरची बाजू कोरडी राहते. अर्थात खाली ती ओल पिणारं काहीतरी हवंच. जुने टॉवेल, बाळाची फ्लॅनेलची दुपटी, जाड सुती चादर, यातलं काहीही चालतं. त्याच्याही खाली मेणकापड किंवा रबरी शीट. फ्लीस नुसतं फरशीवर टाकलं तर मूत जाणार कुठे? ते तळाशीच साचतं. अनेक जण असं करतात आणि मग "फ्लीसला वास येतो" म्हणून सोडून देतात.

नवीन फ्लीस मात्र थेट वापरू नका. कारखान्यातून येताना त्यावर जे फिनिशिंग असतं, त्यामुळे पाण्याचे थेंब मोत्यांसारखे वरच बसून राहतात. गरम पाण्यात तीन-चार वेळा धुवा, मग चमचाभर पाणी ओतून बघा. पाणी लगेच खाली गेलं तर कापड तयार. फॅब्रिक कंडिशनर कधीच घालू नका, तो धाग्यांवर थर चढवतो आणि पाणी परत वरच अडतं. धुताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालावं. गिनीपिगच्या मुतात कॅल्शियम भरपूर असतं, ते वाळलं की पांढरी पूड दिसते, आणि ती व्हिनेगरने सुटते. मशीनमध्ये टाकण्याआधी गॅलरीत कापड जोरात झटका आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, नाहीतर केस आणि गवताच्या काड्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात.

गोधडी चालेल का, हेही खूप जण विचारतात, विशेषतः ज्यांच्या घरी आजीच्या हातच्या गोधड्या पडून आहेत ते. वरच्या थराला नको. सुती कापड ओल धरून ठेवतं, आणि धावदोऱ्याचा एखादा सुटलेला टाका बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो. फ्लीसखाली पातळ गोधडी उत्तम. गोणपाट तर अजिबात नको, तो खरखरीत असतो आणि त्याचे धागे कुरतडून पोटात जातात. टर्किश टॉवेलही वर नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात.

पावसाळा लागला की आमचं गणित बदलतं. जुलैत घरातल्या माणसांचे कपडे वाळत नाहीत, तिथे खालचे जाड टॉवेल कुठून वाळणार? फ्लीस पंख्याखाली रात्रीत वाळतं, खालचा थर तीन दिवस दमट राहतो. दमट थरात बुरशी धरते, आणि गिनीपिगला नायट्यासारखे बुरशीचे त्वचारोग होतात, जे माणसांनाही लागतात. म्हणून त्या दिवसांत मी कागदाच्या बिछान्याकडे वळते. कागदाच्या लगद्यापासून केलेला, बारीक तुकड्यांचा बिछाना पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतो. दोन-तीन इंच जाड पसरायचा, ओले कोपरे रोज उचलायचे, आठवड्याला सगळा बदलायचा. खर्चिक आहे, पण पावसाळ्यापुरता परवडतो. ज्यांना नाही परवडत त्यांनी मेडिकलमध्ये मिळणारे रुग्णांचे अंडरपॅड फ्लीसखाली घालावेत. फक्त त्यांच्या कडा घट्ट दुमडून वजनाखाली दाबा, कारण त्यातलं प्लॅस्टिक आणि आतली जेल प्राण्याच्या पोटात जाता कामा नये. नुसतं वर्तमानपत्र मात्र पुरत नाही. थराच्या खाली ठीक, पण वरून ते पाच मिनिटांत ओलं आणि निसरडं होतं.

भुशाबद्दल जरा थांबून सांगते, कारण तो आपल्याकडे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज मिळणारा. कोंबड्यांच्या शेडमध्ये गादी पद्धतीत लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस पसरतात, त्यामुळे गावाकडचे लोक सहज म्हणतात की तेच टाका. तूस टोकदार आणि धुळकट असतं, ते नको. वखारीतला बारीक भुसाही नको, त्याची धूळ थेट फुप्फुसात जाते आणि डोळ्यांत बसते. सुताराकडच्या ढलप्यांत प्लायवुड आणि एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांचा) अंश असतो, म्हणजे त्यात फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनाचा डिंक आला. देवदार किंवा भट्टीत न वाळवलेलं पाइन यांच्यातल्या सुगंधी तेलांनी श्वासनलिका चुरचुरते आणि यकृतावरही परिणाम होतो. आपल्याला तो वास ताजा, स्वच्छ वाटतो, एवढीच त्याची जमेची बाजू. भट्टीत वाळवलेल्या, धूळ काढलेल्या ढलप्या पाकिटात मिळतात, त्या चालतात. पाकिटावर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

मांजरांच्या शी-शूसाठी मिळणारी, ओली झाली की गोळे धरणारी लिटर चुकूनही वापरू नका. ती पोटात गेली तर फुगते.

गवताचं वेगळं. गवत हे त्यांचं मुख्य अन्न आहे, दिवसभर समोर असायलाच हवं. ते बिछाना म्हणून एकटं पुरत नाही, कारण ओल शोषत नाही. पण बिछान्याचा प्रश्न निम्मा सोपा गवतामुळेच होतो. गिनीपिग खाता खाता मुततात आणि लेंड्या टाकतात. म्हणून गवताचा ढीग एका कोपऱ्यात, कमी उंचीच्या रुंद प्लॅस्टिक ट्रेमध्ये, खाली कागदाचा बिछाना घालून ठेवला की सगळ्यात जास्त घाण त्या ट्रेमध्येच होते. रोज तेवढा ट्रे रिकामा केला की बाकीचं फ्लीस चार-पाच दिवस टिकतं. आयात केलेलं टिमोथी गवत महाग पडतं. गावाकडून वाळलेलं मारवेल मिळत असेल तर उत्तम. कुसळीचं गवत मात्र निवडून बाजूला काढा, त्याची कुसळं डोळ्यांत आणि हिरड्यांत रुततात. भाताचा पेंढा आणि कडबा बिछान्याला ताठ आणि खायला निकस. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं, तो पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, मोठ्यांना रोज नको.

विदर्भ-मराठवाड्यातून विचारणाऱ्यांसाठी एक भर. २६-२७ अंशांच्या पुढे गिनीपिगला उन्हाळा झेपत नाही, उष्माघाताने तो दगावू शकतो. एप्रिल-मेमध्ये पिंजऱ्याचा एक भाग उघडा ठेवून तिथे शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. तो स्वतःहून तिच्यावर जाऊन पसरतो. फरशी गुळगुळीत पॉलिशची नको आणि सबंध पिंजराभर नको, कारण पाय घसरतात आणि कडक जमिनीवर कायम बसणं तळव्यांना मानवत नाही. आणि कूलर, पंखा किंवा एसी लावून खोली थंड ठेवावीच लागते, एकट्या फरशीवर भागत नाही.

जागाही बिछान्याचाच भाग आहे. दोघांना किमान साडेसात चौरस फूट, शक्य असेल तर दहा. दुकानातला पिंजरा याच्या निम्माही नसतो, आणि लहान जागेत कुठलाही बिछाना दोन दिवसांत ओला होतो. जाहिरातींच्या फलकांची सनपॅक (पोकळ प्लॅस्टिकची) शीट कापून, कडा सहा इंच वर दुमडून तळ करा आणि भोवती जाळीचे चौकोन लावा. जाळीची जागा तिथे, भिंतीला. वजन आटोक्यात राहायलाही ही मोकळी जागा लागते, कारण लठ्ठ गिनीपिगचे तळवे मऊ बिछान्यावरही सोलवटतात.

तळवा लाल दिसला तर दोन गोष्टी लगेच करा. बिछाना बदला आणि लहान प्राण्यांची सवय असलेल्या पशुवैद्यांकडे जा. घरातलं माणसांचं अँटिबायोटिक देऊ नका. पेनिसिलिनच्या गटातली औषधं, त्यात अमॉक्सिसिलिनही आलं, पोटात गेली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि त्याचा जीव जाऊ शकतो. सोबत आहार तपासा. आपल्यासारखंच गिनीपिगलाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आणि ते कमी पडलं की जखम भरत नाही. ढोबळी मिरचीची फोड रोज, पेरूचा छोटा तुकडा अधूनमधून.

अजून प्राणी घरी आणले नसतील तर आजच फ्लीस विकत आणून धुवायला टाका. दोन पिंजऱ्यांना पुरेल एवढं घ्या, म्हणजे एक जोड दोरीवर असताना दुसरा त्यांच्या पायाखाली असेल.