ग्वाल्हेर: किल्ला जवळ आहे, पण कुठला दरवाजा?

ग्वाल्हेरात कुणी "किल्ला इथून जवळच" म्हणालं की लगेच विचारा, कुठला दरवाजा? तट सगळीकडून दिसतो. सिटी सेंटर या नव्या भागातल्या हॉटेलच्या गच्चीवरून दिसतो, हजिरा वस्तीत तर थेट डोक्यावर येतो. वर जायच्या नेहमीच्या वाटा मात्र दोनच, आणि त्याही डोंगराच्या विरुद्ध अंगांना. पूर्वेला जुन्या ग्वाल्हेरकडून किला गेट, तिथून फक्त पायी. पश्चिमेला उरवाई, तिथून गाडीरस्ता.

हॉटेलच्या काउंटरवर छातीठोकपणे सांगितलं होतं, "रिक्षा वरपर्यंत सोडेल." रिक्षावाल्याशी २५० रुपये ठरले, तेही "किल्ल्यापर्यंत" म्हणून. त्याने उरवाईच्या पायथ्याशी उतरवलं आणि बोट वर केलं. "चढाई पे ऑटो नहीं चढ़ता, साहब." भाडं ठरवताना हे त्याला ठाऊक नव्हतं? वर मोटार जाते. तेव्हा एक तर मोटार करा, नाहीतर या बाजूने चढूच नका.

मी चढलो. मे महिना नव्हता म्हणून वाचलो. सावली नाही, कडेला चालायला धड जागा नाही, आणि मागून येणारी प्रत्येक गाडी हॉर्न वाजवून तुम्हाला कातळाला चिकटवते. सगळा रस्ता मी त्या रिक्षावाल्याचा उद्धार करत होतो. या चढावर वसूल झालं ते एकच: कातळात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती. बाबराच्या हुकुमावरून त्यांची तोडफोड झाली होती. पुढे काहींना गिलाव्याचे चेहरे बसवले. जवळ जाऊन पाहा, खालचं धड खरबरीत दगडाचं आणि वरचा चेहरा गुळगुळीत.

शहाण्याने पूर्वेच्या बाजूने, हजिऱ्याकडून यावं. वाटेत सुफी संत महंमद घौसच्या मकबऱ्याच्या जाळ्या आणि शेजारीच तानसेनची साधी समाधी. मग किला गेट, गुजरी महाल, आणि दरवाज्यांमागून दरवाजे ओलांडत दगडी चढ. तोही दमवतो, पण गाड्या नाहीत. मध्येच एका दगडात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं, एवढंसं की लोक सरळ पुढे निघून जातात. इ. स. ८७६ च्या तिथल्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्य वापरून लिहिले आहेत. थांबा तिथे. दमही खाऊन होतो. उतरताना उरवाई घ्या, मूर्ती आपोआप बघून होतात.

शिंद्यांचा जयविलास राजवाडा पाहिला. झुंबरं मोठी आहेत, तिकीटही. पुढे.

लष्कर नावाच्या शहरभागाला मात्र वेळ राखून ठेवा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला आणि त्या तळाचंच शहर झालं. तिथल्या महाराज बाडा या चौकात मधोमध उभं राहून गोल फिरा: टाउन हॉल, पोस्ट, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखीचा दरवाजा, एकाची घडण दुसऱ्यासारखी नाही. तिथून सराफ्यात शिरलं की वर नक्षीदार दगडी झरोके, त्यांच्यापुढे विजेच्या तारांची जाळी आणि खाली स्कूटर. जनकगंजात ओळखीच्या एक आजी आहेत. सिटी सेंटरला उतरलोय म्हटल्यावर त्यांनी तोंडच वाकडं केलं. "तिकडे कशाला गेलात? तिकडे नुसते मॉल नि कोचिंग. बाड्याजवळ नसतं का मिळालं काही?"

आजींचं अर्धं खरं. सिटी सेंटरला रस्ते रुंद, खोली गार, झोप उत्तम लागते, आणि स्टेशन हाकेवर. पण खिडकीबाहेरचं ते शहर भोपाळ असतं तरी कळलं नसतं. पहाटेची गाडी असेल तरच तिथे राहा. नाहीतर बाड्याजवळ जरा कळकट खोली घ्या आणि सकाळी नया बाजारात बहादुराचे लाडू गाठा.

बाड्याहून हजिऱ्याला ई-रिक्षाने जाताना बसण्याआधी "सवारी" म्हणा, म्हणजे फक्त तुमच्या एका जागेचं भाडं. न बोलता एकटे बसलात तर तो 'बुकिंग' समजतो, आणि उतरल्यावर सगळ्या गाडीचे पैसे मागतो.