टक्के कशाचे?

"सार, किती परसेंट बसंल?"

मी हाडांचा डॉक्टर. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या मागावरचा जखमी माणूस माझ्यासमोर बसला की दुसरं नाहीतर तिसरं वाक्य हेच असतं, म्हणजे अपंगत्व किती टक्के लिहिणार. पहिलं वाक्य बहुतेक वेळा मालकाच्या बाजूचं. "चूक माझीच हुती सार, माग बंद न करता हात घातलो." नुसत्या निष्काळजीपणानं भरपाईचा हक्क जात नाही, हे मी सांगतो. ते मान डोलावतात, पण विश्वास बसलेला नसतो.

परवा आलेले अन्ना चाळीस वर्षांचे. उजव्या हाताची तर्जनी बुडापासून गेलेली. मधलं बोट जागेवर आहे, पण ताठ, काठीसारखं. मी सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर लावला, सांधे मोजले, बोटांच्या टोकांना स्पर्श कळतो का ते पाहिलं. एवढं झाल्यावर तोच प्रश्न आला. आणि पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतरही मी लगेच उत्तर देत नाही, कारण एकदा दिलं होतं आणि ते चांगलंच अंगाशी आलं होतं.

तेव्हा मी नवा होतो. एका कामगाराच्या सर्टिफिकेटवर झोकात लिहिलं, "३० टक्के कायमचे अपंगत्व". खाली सही, शिक्का. वर्षभरानं कामगार न्यायालयातून समन्स आलं. विमा कंपनीचे वकील उभे राहिले, चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "डॉक्टर, ३० टक्के कशाचे?" मी म्हणालो, हाताचे. "मनगटापर्यंतचा हात की खांद्यापर्यंतचा?" मी गडबडलो. "आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली? ते कुठल्या आधारे काढलंत?" आधार काहीच नव्हता. अंदाज होता. माझा कामगार मागच्या बाकावर बसून हे ऐकत होता. बाहेर आल्यावर तो मला काही बोलला नाही, उलट चहा पाजला. तो चहा अजून घशाशी येतो.

त्यानंतर मी हा विषय वाचायला घेतला. अमेरिकेत गेलेल्या एका वर्गमित्राकडून अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या, शरीरातली कायमची उणीव टक्क्यांत कशी मोजावी यावरच्या मार्गदर्शक ग्रंथाची जुनी प्रत मागवली, पाचवी आवृत्ती. त्या संघटनेनं हे काम १९५८ मध्ये आपल्या नियतकालिकात एक लेख छापून सुरू केलं. पहिला लेख हातपाय आणि पाठीवर होता. मग एकेका अवयवसंस्थेवर लेख येत गेले आणि १९७१ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. आज तिकडच्या बहुतेक राज्यांत कामगार भरपाईसाठी त्याची कुठली ना कुठली आवृत्ती धरतात. कॅलिफोर्निया पाचवी, टेक्सास चौथी, कोलोराडो अजून तिसरीची सुधारित. म्हणजे तेच बोट राज्य बदललं की वेगळ्या तराजूत. २०१७ मध्ये तर पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की "जी सर्वांत नवी आवृत्ती असेल ती" असं कायद्यात लिहून खासगी संघटनेच्या हाती कायदा देता येणार नाही. मग तिथल्या विधिमंडळानं पुढच्या वर्षी विशिष्ट आवृत्तीचं नाव घालून नवा कायदा केला. मला हा निकाल आवडतो. डॉक्टरांनी माप द्यावं, किती पैसे द्यायचे ते कायद्यानं ठरवावं.

त्या पुस्तकानं मला वकिलाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. एक तर्जनी पूर्ण गेली तर बोट म्हणून ते १०० टक्के नुकसान. पंजाच्या हिशेबात २०. खांद्यापर्यंतच्या हाताच्या हिशेबात १८. सगळ्या शरीराच्या हिशेबात ११. बोट एकच. आणि पुस्तक बजावतं की हे आकडे शरीरात राहिलेल्या उणिवेचे आहेत, माणसाला काम करता येईल की नाही याचे नाहीत.

आपल्याकडे कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. मी इथे सांगतोय तो हिशेब जुन्या कायद्याचा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात तर्जनीला सरळ १४ टक्के लिहिले होते, आणि ते गेलेल्या कमाईच्या क्षमतेचे. मधल्या बोटाला १२. अंगठ्याला ३०. आता गंमत बघा. तर्जनी आणि मधलं बोट वेगवेगळं धरलं तर बेरीज २६ होते, पण "एका हाताची दोन बोटं" या नोंदीसमोर २० आहेत. त्याच परिशिष्टात हात कुठून कापला ते २०.३२ सेंटिमीटरच्या हिशेबात दिलंय. हा विचित्र आकडा कुठून आला म्हणून मी एकदा भागाकार केला, बरोबर ८ इंच निघाले. कुणीतरी इंचांचे सेंटिमीटर केले आणि पुढे गेलं.

अन्नांचं मधलं बोट कापलेलं नाही, ताठ आहे. परिशिष्टाखाली टीप आहे की अवयवाचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला असेल तर तो अवयव गेला असंच धरायचं. म्हणजे माझ्या सर्टिफिकेटमधल्या "पूर्णपणे" या शब्दावर त्यांचे १४ चे २० होणार की नाही ते अवलंबून. त्यांचा पगार पंधरा हजारांच्या वर, पण या जुन्या कायद्याच्या हिशेबात पंधरा हजारच धरायचे. त्याचे ६० टक्के, गुणिले चाळीस वयाचा गुणक १८४.१७. एक टक्का म्हणजे १६,५७५ रुपये. पेन उचलताना मी हा आकडा आठवतो.

आणि परिशिष्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा म्हणून ओळखला जाणारा एक निकाल आहे. सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे तो शंभर टक्के भरत नव्हता. पण एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून १०० टक्के कमाई गेली, असं आयुक्तांनी धरलं आणि न्यायालयानं ते कायम ठेवलं. म्हणजे डॉक्टरनं हात तर बघायचाच, त्या हाताचं कामही बघायचं. एमबीबीएसला हे कुणी शिकवलं नाही, एमएसलाही नाही.

इथे आमच्या संघटनांनी हात द्यायला हवा. गुडघा बदलण्याच्या नव्या तंत्रावर व्याख्यान असलं की हॉल भरतो, जेवणही चांगलं असतं. मी हट्टानं सर्टिफिकेट कसं लिहावं यावर एक तास मागून घेतला, तर अकरा जण आले, त्यातले दोघे माझेच मित्र. पण त्या अकरा जणांनी मिळून एक पानाचा नमुना केला. कुठला सांधा, किती अंश, टक्के कशाचे, आधार कुठला, कामगार नेमकं काय काम करतो आणि त्यातलं काय आता जमत नाही. शेवटची ओळ, "साक्षीला बोलावल्यास येईन." या ओळीवर सगळ्यात जास्त वाद झाला. ओपीडी सोडून कोर्टात दिवस घालवणं कुणाला परवडतं, हे मलाही मान्य आहे. ओळ मात्र राहिली.

पेशंटचा गोंधळ वेगळाच. अन्ना येताना सिव्हिलचा कागद घेऊन आले होते, दिव्यांगाचा. तो २०१६ च्या कायद्याचा, सवलतींसाठीचा, तिथे ४० टक्क्यांची रेघ महत्त्वाची. ईएसआयचा, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेतला, कामगार असेल तर त्याचं मेडिकल बोर्ड वेगळं. भरपाईचा दावा तिसराच. तीन खिडक्या आणि तिन्हीकडे "परसेंट" हाच शब्द, मग माणसानं काय समजायचं?

अलीकडे मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सुताचा एक कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची रीळ, ठेवतो. ही काही पुस्तकातली चाचणी नाही, आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंची कल्पना. मागावर दिवसभर तुटलेला धागा जोडावा लागतो, गाठ मारावी लागते, तीही झटक्यात. मी अन्नांपुढे दोन टोकं ठेवली आणि घड्याळ लावलं. आधी डाव्या हातानं प्रयत्न झाला. मग उजव्या अंगठ्यानं आणि अनामिकेनं. धागा निसटत राहिला, ताठ बोट मध्ये येत राहिलं. शेवटी त्यांनी एक टोक दातांत धरलं आणि गाठ मारली. चांगली घट्ट गाठ.

मी लिहून घेतलं, "गाठ मारण्यास तोंडाची मदत घ्यावी लागते." वेळही लिहिली.

अन्ना वाकून माझ्या कागदाकडे बघत होते.

"दातानं मारलो म्हणून परसेंट कमी होतंय का, सार?"