चार दिवसांचं कोकरू

पेसाह म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून सुटकेचा आम्हा यहुद्यांचा सण. त्याच्या आदल्या दिवशी कोशेर, म्हणजे आमच्या धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या, मटणातली एक नळी मी बाजूला काढते आणि गॅसवर जाळी ठेवून भाजते. सेदेरच्या, म्हणजे सणाच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, ताटात ती मांडायची, खायची नाही. यरुशलेमचं मंदिर इ.स. 70 मध्ये उद्ध्वस्त झालं, तेव्हापासून पेसाहचं कोकरू कापणं थांबलं. राहिलं ते हे हाड.

यंदा नातीनं विचारलं, "आजी, खायचं नाही तर भाजतेस कशाला?"

मी आमच्या धर्मग्रंथातल्या, तोराहमधल्या, निर्गम या पुस्तकाचा बारावा अध्याय काढला. त्या सुटकेच्या रात्री दाराच्या चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त आमच्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मी मात्र दरवर्षी त्याच्या आधीच्या ओळींशी थांबते. वर्षाचा, निर्दोष नर, मेंढरांतला किंवा शेरडांतला. महिन्याच्या दहाव्या दिवशी घ्यायचा, चौदाव्याच्या संध्याकाळी कापायचा. मधले चार दिवस सांभाळायचा.

हे चार दिवस मला भायखळ्याच्या चाळीत कळले. शेजारच्या खालांकडे बकरी ईदच्या आधी बोकड यायचा, गॅलरीच्या कठड्याला बांधलेला. शाळेतून आले की मी त्याला पाला द्यायची. त्याची खरखरीत जीभ तळव्याला लागायची. तिसऱ्या दिवशी तर जिन्यात माझी पावलं वाजली की तो ओरडायचा. ईदला कठड्याशी नुसती दोरी दिसली. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. मिसरातल्या आमच्या पोरांचंही असंच झालं असेल.

पुष्कळांना वाटतं, पेसाहचं कोकरू म्हणजे पापासाठीचं अर्पण. तसं नाही. त्या अर्पणाचे नियम तोराहच्याच लेवीय पुस्तकात वेगळे आहेत. हे सुटकेच्या रात्रीचं जेवण: विस्तवावर भाजलेलं, बेखमीर भाकरी आणि कडू पाल्याबरोबर, कमर कसून, पायात जोडे घालून खायचं. हाड मोडायचं नाही. पप्पा सांगायचे, "नळी फोडून चोखतो तो भुकेला गुलाम. त्या रात्री आपण गुलाम नव्हतो."

आणि त्या अध्यायातलं चौथं वचन मला फार प्रिय आहे. घरात माणसं थोडी असतील, तर शेजाऱ्याला सोबत घ्यायचं.

"आपण तर तिघंच," नात म्हणाली.

तळमजल्यावरच्या मावशींची दोन्ही मुलं इस्रायलला स्थायिक झाली आहेत. नात त्यांना सांगायला खाली पळाली. नळी अजून गरम होती.