कसली पिन?

"जरा पिन दे" असं कुणी म्हणालं की देणाऱ्याला आधी विचारावं लागतं, "कसली?" कागदाला मारायची, कपड्याला लावायची, केसांत खोचायची की मोबाइलच्या बुडाशी घालायची? चारही वस्तू एकमेकींपुढे ठेवल्या तर नात्यातल्या वाटणार नाहीत. इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ खुंटी, खीळ असा. दोन वस्तू एकमेकींत अडकवून ठेवायच्या, पण वेळ आली की उपसून मोकळ्याही करता आल्या पाहिजेत, यासाठी घातलेली. खिळा एकदा ठोकला की तिथलाच होतो, आणि डिंकानं चिकटवलेलं सोडवायला गेलं तर फाटतं. पिन मात्र निघण्याच्या बोलीवर बसते. त्यामुळे ती घट्ट बसली का, याइतकंच ती निघते कशी हेही बघावं.

कागदापासून सुरुवात करू. स्टेपलरमध्ये भरतात तिला इंग्रजीत पिन म्हणत नाहीत, पण मराठीत तिला दुसरं नाव कुणाच्या तोंडी नाही. डबीवर 24/6 लिहिलेलं असतं. त्यातला 24 हा तारेच्या जाडीचा क्रमांक आणि 6 म्हणजे पायांची लांबी, मिलिमीटरमध्ये. जाडीचा हिशेब उलटा आहे, 26 ची तार 24 पेक्षा बारीक. 80 जीएसएमच्या साध्या कागदाचे वीसेक ताव 24/6 आरामात धरते. त्याहून फार कोंबले की पाय पलीकडे पोचतात, पण वळायला तार उरत नाही. मग एक पाय कसाबसा आडवा होतो आणि दुसरा उभाच राहून पुढे कुणाच्या तरी बोटात शिरतो. जाड गठ्ठ्याला 24/8 घ्यावी, हात आपटून जोर लावू नये.

टेबलावरच्या बऱ्याच स्टेपलरांच्या खालच्या पट्टीवर, टोकाशी, धातूची एक छोटी चकती असते. तिच्यावर खोबणींच्या दोन जोड्या कोरलेल्या दिसतील. नेहमीच्या जोडीत पिनेचे पाय आत वळून एकमेकांकडे तोंड करतात. चकती खालून बोटानं वर ढकलली, अर्धा फेरा फिरवली आणि सोडली, की दुसरी जोडी समोर येते. आता पाय बाहेरच्या बाजूला पसरतात. अशी पिन एका बाजूनं धरून ओढली की सरळ निघते, नखाचं काम पडत नाही. जे कागद आज एकत्र हवेत आणि उद्या सुटे करायचेत, त्यांच्यासाठीच ही सोय आहे. माणसं वर्षानुवर्षं स्टेपलर वापरतात आणि ती चकती फिरते हे त्यांच्या गावीही नसतं. पिन तोंडाशी अडकते तेव्हा कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक निघतं, भलत्या मापाच्या पिना किंवा दाबताना तिरका पडलेला हात. सुरी खुपसण्याआधी आतली कांडी बाहेर काढावी, मग वाकडी पिन चिमट्यानं ओढली की येते.

सेफ्टी पिनचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांना 10 एप्रिल 1849 रोजी मिळालं आणि ते त्यांनी 400 डॉलरला विकून टाकलं. टोचून कापड धरणारे काटे त्याआधी हजारो वर्षं होतेच. हंट यांनी एकाच तारेत वेढ्याची स्प्रिंग आणि टोक अडकवायची खाच असं दोन्ही बसवलं. या पिनेविषयी मुख्य तक्रार दोनच. एक, ती आपोआप उघडते. दोष स्प्रिंगला दिला जातो, पण बरेचदा कापड जास्त घेतलेलं असतं. जाड घडी दोन तारांच्या मध्ये आली की तार धनुष्यासारखी बाहेर वाकते, टोक टोपीच्या काठाशी सरकतं आणि पुढच्या हिसक्याला सुटतं. कापड कमी घ्यावं, पण टोक दोनदा आत-बाहेर काढावं, म्हणजे ताण दोन जागी वाटला जातो. दुसरी तक्रार, झिरझिरीत कापड वेढ्यात शिरून अडकतं आणि सोडवताना धागे ओढले जातात. टोचण्याआधी तारेत एक बारीक मणी ओवून तो वेढ्यापाशी सरकवला, की कापड तिथवर पोचतच नाही. टोक बोथट झालेली पिन धागे बाजूला सारत नाही, तोडते. तशी पिन जाड कापडालाच ठेवावी. टोक साबणाच्या वडीत खुपसून घेतलं तर सहज सरकतं.

आकाराचा आकडा इथे सरळ चालतो. 00 ची पिन साधारण 19 मिलिमीटर लांब, 2 ची 38 च्या आसपास, 3 ची 50. एरवी मात्र हातात येईल ती लावली जाते आणि मग 3 नंबरच्या पिनेनं तलम कापडाला भोक पडलं म्हणून हळहळ.

शिवणाऱ्यांची टाचणी आणखी वेगळी. ती शिलाईच्या रेषेला आडवी लावायची, डोकं आपल्या हाताशी ठेवायचं आणि सुई जवळ आली की काढायची. वरूनच मशीन दामटलं तर शंभरात नव्वद वेळा काही होत नाही, उरलेल्या वेळी सुई मोडते आणि तिचा तुकडा डोळ्याकडे उडतो. काचेच्या डोक्याच्या टाचण्या इस्त्रीखाली टिकतात, प्लॅस्टिकच्या डोक्याच्या वितळून कापडाला चिकटतात. एवढीशी ही वस्तू, पण अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ यांनी 1776 मध्ये श्रमविभागणी समजावून सांगायला हीच निवडली. तार ओढणं, सरळ करणं, तोडणं, टोक काढणं, डोकं बसवणं अशी जवळजवळ 18 कामं वाटून घेतली तर दहा माणसं दिवसाला 48,000 टाचण्या करतात आणि एकट्यादुकट्याला वीसही जमणार नाहीत, असा त्यांचा हिशेब.

"त्याची पिन तिथेच अडकली आहे" असं आपण म्हणतो ती पिन ग्रामोफोनची. बोलणाऱ्यांपैकी अनेकांनी ती पाहिलेलीही नसते. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या लाखेत खनिजांची पूड मिसळलेली असे. तिच्यावर घासून पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत खाचेच्या आकाराची होई आणि तबकडीची बाजू संपेपर्यंत तिला दोन्ही अंगांनी धार येई. तीच पुढच्या बाजूला वापरली तर ती धार खाच तासून काढी. म्हणून दर बाजूला नवी पिन घालायची, असा नियम. आळस करणाऱ्यांच्या तबकड्या लवकर खरखरू लागत. अडकण्याचं कारण वेगळं. दोन खाचांमधली भिंत ओरखड्यानं फुटली की पिन पुढे जायच्या ऐवजी नुकत्याच फिरून आलेल्या खाचेत परत घसरते. एक फेरा पाऊण सेकंदाहून किंचित जास्त, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा. माणसांची पिन अडकते तेव्हा तुकडा याहून बराच लांब असतो, एवढाच फरक. पिनेवर वजन म्हणून नाणं ठेवण्याचा घरगुती उपाय मात्र वाईट, आवाज पुढे सरकतो पण खाच कायमची खोल होते.

विजेच्या जगात पिन म्हणजे टोचणारी वस्तू राहत नाही, जोडणारी होते. तीन पिनांच्या अनेक प्लगांत अर्थिंगची पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते. प्लग लावताना ती सगळ्यांत आधी टेकावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी, म्हणजे वीज येण्याआधी संरक्षण आलेलं असतं. काही प्रकारांत ती जाडही असते, त्यामुळे चुकून दुसऱ्या भोकात जात नाही. प्लग ढिला बसला की टेकण्याची जागा कमी होते, तिथे ठिणग्या उडतात, पितळ काळवंडतं, काळ्या थरामुळे आणखी तापतं. प्लगला हात लावल्यावर तो गरम लागत असेल तर पिना पुसून भागत नाही, सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झालेल्या असतात. सॉकेट बदलावं.

मोबाइलच्या बाबतीत आपण अख्ख्या तोंडालाच पिन म्हणतो, "सी पिनचा चार्जर आहे का?" त्या एका सी पिनच्या पोटात 24 पिना असतात, बारा वर आणि बारा खाली, तोलून मांडलेल्या. म्हणून ती उलटसुलट कशीही बसते. ती पूर्ण आत जात नसेल तर आधी भोकात उजेड टाकून पाहावा, तळाशी खिशातला कापसाचा धागा दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं तो अलगद निघतो, लोखंडी टाचणी तिथे घालू नये.

हेडफोनच्या 3.5 मिलिमीटरच्या पिनेवर दोन काळी वर्तुळं असली तर तीन भाग होतात: टोक डाव्या कानाचं, मधला उजव्या कानाचा, मागचा दोघांचा सामाईक. तीन वर्तुळं असली तर माइकही आहे. पिन अर्धवट बसली की गाणं चालू राहतं पण गायक गायब होतो. सामाईक भाग नीट टेकलेला नसला की दोन्ही बाजूंच्या आवाजातला नुसता फरक कानावर येतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होतो.

खात्याचा पिन मात्र पुल्लिंगी. कपड्याची ती पिन, पण बँकेचा तो पिन, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. इंग्रजी आद्याक्षरांतून जमलेला हा शब्द खिळीच्या कुळातला नाही, काम मात्र तसंच करतो, योग्य हाताला निघायचं, बाकीच्यांना नाही. स्कॉटलंडचे अभियंते जेम्स गुडफेलो यांनी 1966 मध्ये कार्ड आणि गुप्त आकडा अशा जोडीचं पेटंट घेतलं. 27 जून 1967 रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेचं नोटा देणारं यंत्र सुरू झालं, त्यामागे असलेले जॉन शेफर्ड-बॅरन सांगत की त्यांना सहा आकडे हवे होते, पण बायको म्हणाली माझ्या लक्षात चारच राहतात. आंतरराष्ट्रीय मानकात चार ते बारा आकडे चालतात, तरी जगात बहुतेक ठिकाणी त्यांच्या बायकोचंच चाललं. चार आकड्यांच्या दहा हजार जुळण्या होतात आणि तीन चुकांनंतर यंत्र अडवतं, त्यामुळे अंदाजानं उघडायची शक्यता दहा हजारांत तीन. हा हिशेब पिन आडातिडा निवडला असेल तरच. 1234 किंवा जन्मसाल ठेवणाऱ्यानं तो वाचू नये. फोनच्या काचेवर बोटांचे चार ठसे उमटत असतील तर क्रम लावायच्या 24 तऱ्हा उरतात. एक आकडा दोनदा आला तर ठसे तीनच दिसतात, पण तऱ्हा 36 होतात. कमी ठसे म्हणजे सोपं, असं वाटतं खरं.

पडद्यावर संदेश पिन करतात तेव्हाही मुदत असते. व्हॉट्सअ‍ॅप 24 तास, 7 दिवस की 30 दिवस असं विचारतं. बुद्धिबळात घोडा पिन झाला, म्हणजे समोरच्याच्या माऱ्याच्या रेषेत मध्ये अडकला, आणि मागे राजा असला, तर तो नियमानंच हलू शकत नाही, पण राजा बाजूला झाला की तोच घोडा मोकळा.

सगळ्यांत कमी कौतुक होतं ते यंत्रांतल्या पिनांचं. गाडीच्या स्टिअरिंगच्या जोडावर खाचांचा नट असतो आणि त्याच्या खाचेतून व बोल्टच्या भोकातून आरपार स्प्लिट पिन घालतात, नट ढिला होऊन पडू नये म्हणून. ठरलेला ताण दिल्यावर खाच आणि भोक समोरासमोर आले नाहीत तर नट किंचित पुढे आवळायचा, मागे सोडायचा नाही. पिनेचे पाय वाकवून बसवले की झालं. एकदा सरळ करून काढलेली पिन परत घालायची नाही, वाकलेली तार त्याच जागी पुन्हा वाकवली की मोडते.

शिअर पिन तर मोडण्यासाठीच असते. मशागतीच्या यंत्राचं पातं दगडात अडकलं की ही मऊ पिन कापली जाते, इंजिन फिरत राहतं आणि गिअरचे दात वाचतात. ती वारंवार तुटते म्हणून वैतागून तिथे कडक पोलादाचा बोल्ट घालणारे असतात. पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्स उघडावा लागतो. बदलताना इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर आधी काढायची, शाफ्ट हातानं फिरवून भोकं जुळवायची आणि तुटलेले तुकडे पंचनं ठोकून काढायचे. नवी पिन घालण्याआधी भोकात ग्रीसचं बोट फिरवावं, नाहीतर पुढच्या वेळी आतला तुकडा गंजून बसलेला असतो आणि ड्रिल लावल्याशिवाय निघत नाही.