तिथं नेमकं बघायचं काय?

प्रवासात सरळ रस्ता सोडून मी कुठल्यातरी अवलियाने एकट्याने उभारलेलं घर, बाग नाहीतर संग्रहालय बघायला जाते, हे आता ओळखीतल्या सगळ्यांना माहीत झालंय. त्यामुळे प्रश्नही ठरलेला असतो. "आम्हीही गेलो होतो तसल्या एका ठिकाणी. पंधरा मिनिटांत बघून झालं. तुम्ही तासन् तास तिथं बघता तरी काय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सामान कुठून आलं, ते बघते.

अशा जागांची ओळख करून देताना लोक नेहमी आकडे सांगतात. इतकी वर्षं खपला, इतक्या बाटल्या लावल्या, इतके दगड वाहिले. आपण "बाप रे" म्हणतो आणि पुढे सरकतो. अचंबा फार वेळ टिकत नाही, पंधरा मिनिटं त्याला पुष्कळ झाली. पण हा माणूस पोटासाठी काय करायचा हे एकदा कळलं, की तेच काम परत पहिल्यापासून बघावंसं वाटतं.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात आल्बुकर्कीजवळ, सँडिया डोंगराकडे चढणाऱ्या रस्त्यावर टिंकरटाउन आहे. रॉस वॉर्ड यांनी १९६२ च्या सुमारास लाकडातून एक चिमुकलं गाव कोरायला घेतलं. दुकानं, गल्ल्या, आपापल्या उद्योगात गढलेली माणसं. आधी ते जत्रांमधून फिरायचं, मग मुक्कामाला आलं, आणि त्याच्याभोवती खोल्या वाढत वाढत २२ झाल्या. भिंती सिमेंटमध्ये आडव्या बसवलेल्या बाटल्यांच्या. बाटल्या पन्नास हजारांहून जास्त आहेत, पण तो आकडा ऐकून सोडून द्या. आत बटण दाबलं की बाहुल्या हलतात. नाणं टाकलं की ऑटो नावाचा बाहुला एकट्याने अख्खा बँड वाजवतो, आणि एस्मेराल्डा नावाची बाई तुमचं भविष्य सांगते. मध्येच, काहीही पूर्वसूचना न देता, जगाची फेरी करून आलेली खरीखुरी शिडाची बोट उभी आहे.

पहिल्या फेरीत हे सगळं खेळण्यांचं दुकान वाटलं. मग कळलं, की वॉर्ड यांचा धंदा फिरत्या जत्रांमधल्या खेळांच्या पाट्या आणि देखावे रंगवण्याचा होता. मी मागे वळले आणि पुन्हा सुरुवातीपासून बघितलं. अक्षरं इतकी भडक का, तर ती लांबून गर्दीला खेचायची अक्षरं आहेत. दर दोन पावलांवर नाणं टाकायची सोय का, तर जत्रेत तसंच असतं. चिमुकल्या सर्कशीत तंबूच्या आतल्याइतकीच बाहेरची लगबग का, तर हा माणूस सर्कशीकडे मागच्या बाजूने बघत जगला. फावल्या वेळात त्याने कोरली ती आपली नोकरीच.

तिथं एक प्रसिद्ध पाटी आहे. तुम्ही टीव्ही बघत बसला होतात तेवढ्या वेळात मी हे सगळं केलं, अशा अर्थाची. लोक तिच्यासोबत हौसेने फोटो काढतात. मला ती जरा आगाऊ वाटते. हातात जत्रेचा रंग आणि ब्रश नसता तर टीव्ही न बघूनही हे झालं नसतं.

चंदीगडचं रॉक गार्डन आपल्यापैकी अनेकांनी सहलीत उरकलेलं असतं. धबधबा, झोके, फोटो, झालं. नेकचंद सैनी सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारे निरीक्षक होते. नवं, आखीव शहर वसवायला जुनी गावं उठवली जात होती आणि त्या गावांचा राडारोडा नेकचंद यांच्या नजरेसमोर पडलेला असायचा. १९५७ पासून सायकलवरून तो वाहून नेत, जिथं बांधकामाला बंदी होती अशा जंगलपट्टीत त्यांनी चोरून आपलं राज्य मांडलं. १९७५ मध्ये ते उघडकीला आलं. पाडून टाकण्याचा धोका होता, पण १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि नेकचंदना तेच काम करायला पगार आणि माणसं मिळाली. आता तिथं गेलात तर फुटक्या बांगड्यांनी मढवलेल्या बायकांच्या रांगेपुढे थांबा. फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांनी जडवलेली भिंत बघा. काटकोनात आखलेल्या शहराच्या कडेला, ते शहर उभारताना टाकून दिलेलं सामान ओळीने उभं आहे. खात्याचा निरीक्षक नसता तर हे सामान कुठे पडतं ते त्याला कळलंच नसतं.

फर्दिनां शव्हाल हा फ्रान्समधल्या ओतरिव्ह गावचा पोस्टमन. टपालाच्या फेरीत दिसणारे दगड त्याने आधी खिशात, मग टोपलीत, मग ढकलगाडीत घालून आणले आणि १८७९ ते १९१२ या काळात त्यांचा महाल बांधला. ह्यूस्टनचे जॉन मिल्कोविश रेल्वेत गाड्यांच्या बैठका शिवायचे. गवत कापायचा कंटाळा म्हणून त्यांनी अंगण सिमेंटचं करून टाकलं आणि मग बिअरचे रिकामे डबे सपाट करून घराला पांघरुणासारखे चढवले. कारण गवत हे! या गृहस्थांबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे.

"पण ही कला आहे का?" हाही प्रश्न येतो. सगळीकडे नसते. कित्येक ठिकाणी नुसता ढीग असतो, मालकाला काही फेकवत नाही एवढंच. पहिल्या कामात आणि शेवटच्या कामात हात सुधारलेला दिसला तर मी थांबते, नाहीतर पंधरा मिनिटं मलाही पुरतात.

सामान बघायची सवय लागली की सांधेही दिसायला लागतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात फ्रेड स्मिथ या लाकूडतोड्याने १९४८ पासून सिमेंटची माणसं आणि जनावरं उभी केली, दोनशेहून जास्त. त्यांच्या अंगावर जडवायला काचा आल्या त्याच्याच दारूच्या गुत्त्यातल्या बाटल्यांतून. आतला सांगाडा मात्र बहुतेकांचा लाकडी, तोच त्याला जवळचा. लाकूड कुजलं. १९७६ मध्ये तो गेला आणि पुढच्याच वर्षीच्या वादळात बहुतेक पुतळे मोडले. कोहलर फाउंडेशनने ते पुन्हा जोडले. उलट लॉस एंजेलिसमध्ये सायमन रोदिया या फरशी कामगाराने लोखंडी सळ्यांना जाळी गुंडाळून, वर सिमेंट थापून वॉट्स नावाच्या वस्तीतले मनोरे केले. वेल्डिंग नाही, बोल्ट नाहीत. पालिकेने धोकादायक ठरवले म्हणून १९५९ मध्ये क्रेनने त्यांच्यावर साडेचार हजार किलोंचा जोर लावून बघितला. मनोरा जागेवर राहिला, हार क्रेनने खाल्ली.

म्हणून तिकीट देणाऱ्या माणसाला मी इतिहास विचारत नाही, तो फलकावर असतोच. यंदा काय निसटलं, कोणी लावलं आणि कशाने चिकटवलं, ते विचारते. पुष्कळदा समोर घरचंच कोणीतरी बसलेलं असतं आणि ते उठून दाखवायला येतं. टिंकरटाउनला जाणार असाल तर तेवढं हिवाळ्यात जाऊ नका, तेव्हा ते बंद असतं.