एकाच नावाची दोन यंत्रं

जुनी वर्कस्टेशन्स, म्हणजे इंजिनियर वगैरे मंडळींच्या कामाचे ताकदवान संगणक, दुरुस्त करणं हे माझं काम. महिन्यातून एक दिवस हौशी मंडळींना मोकळा ठेवतो. त्यांनी आपापली यंत्रं आणावीत, माझ्या सर्व्हरवरून ऑपरेटिंग सिस्टिम चढवून घ्यावी. त्यातलाच हा एक दिवस. होऊन काही आठवडे झाले, पण डोक्यातून जात नाही.

टेबलावर दोन स्पार्कस्टेशन ५ होती. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९९४ साली आणलेली चपटी पेटी, तुम्ही कदाचित पाहिली असेल. एक कॉलेजात शिकणाऱ्या मुलाची, भंगारातून उचललेली. दुसरी एका निवृत्त इंजिनियर काकांची. त्यांनी स्वतः तिच्यावर बरीच वर्षं आराखडे काढले होते. दोघांनाही सोलारिस २.६ ही सनचीच ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती.

सीडीवरून का नाही, असं नवखे नेहमी विचारतात. सनचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, सीडी ड्राइव्हकडून ५१२ बाइटचे तुकडे मागतं आणि बाजारातले बहुतेक ड्राइव्ह २०४८चे तुकडे देतात. म्हणून मी नेटवर्कवरूनच चढवतो. यंत्र चालू झालं की ते आपला इथरनेट पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची स्वतःची ओळख, ओरडून सांगतं आणि 'माझा आयपी काय?' असं विचारतं. सर्व्हरनं १९२.१६८.१.२० असं उत्तर दिलं की तोच आकडा हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात) लिहून सी०ए८०११४.एसयूएन४एम या नावाची फाइल मागतं. मग कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, येतो, मग इन्स्टॉलर. हा सगळा डोलारा त्या पहिल्या पत्त्यावर उभा असतो.

तो पत्ता राहतो मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये. एम४८टी०८ तिचं नाव. आत घड्याळ, थोडी मेमरी आणि वर कायमची सीलबंद केलेली लिथियमची बॅटरी. बॅटरी दहाएक वर्षांत मरते आणि तिच्याबरोबर यंत्राची ओळखही जाते. चालू केल्यावर पत्त्याच्या जागी नुसते एफएफ दिसतात. मग नवी चिप बसवायची आणि ओके प्रॉम्प्टवर, म्हणजे फर्मवेअरला आज्ञा द्यायच्या ओळीवर, बसून सोळा बाइट हातानं भरायचे: यंत्राचा प्रकार, इथरनेट पत्त्याचे सहा बाइट, तारीख, अनुक्रमांक, आणि शेवटी आधीच्या पंधरांचा एक्सऑर (बिटांची एक गणिती क्रिया) काढून पडताळणीचा सोळावा. तो चुकला तर यंत्र ओळख मानतच नाही. हे काम मला मनापासून आवडतं. प्रॉम्प्टवर फोर्थ ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालते, आणि तीस वर्षांपूर्वीच्या फर्मवेअरमध्ये एवढी सोय कुणीतरी विचार करून ठेवली होती याचं मला अजून कौतुक वाटतं.

हे कसं करायचं त्याची एक जुनी मार्गदर्शिका आहे. तिच्यात नमुना म्हणून पत्ता दिला आहे ८:०:२०:सी०:एफएफ:ईई. शून्याला ओ समजून वाचलं तर शेवट 'कॉफी' होतो. लोक तो नमुना जसाच्या तसा उतरवतात. इतके लोक, की कोणत्या पत्त्याला कोणता आयपी द्यायचा, त्या माझ्या सर्व्हरच्या यादीत कॉफीची ओळ कायमची लिहून ठेवली आहे.

सकाळी मुलाचं यंत्र लावलं. माझा नियम असा की आधी जुन्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्यायची, मगच पुढचं. मुलगा म्हणाला, "सर, जुनं काही नकोय मला. पुसून टाका." घाई होती, मी मान डोलावली. इन्स्टॉलरनं डिस्कचे भाग पाडले, फाइल सिस्टिम नव्यानं बनवली आणि पॅकेजेस उतरायला लागली.

तेवढ्यात यंत्राचा मजकूर माझ्या पडद्यावर आणणारी सिरियल केबल काढून काकांच्या यंत्राला लावली. यंत्राची माहिती देणारा बॅनर आला, तोच पत्ता, तोच होस्ट आयडी, म्हणजे त्याच चिपमधून येणारा यंत्राचा ओळख क्रमांक. नजर त्यावरून सरकून गेली, कारण पाचच मिनिटांपूर्वी तेच पाहिलं होतं. फरक फक्त मेमरीच्या आकड्यात होता, एकीकडे ६४ आणि दुसरीकडे ३२. कर्नल चढला आणि अडकला. एनएफएस सर्व्हर (नेटवर्कवरून फाइली पुरवणारा) उत्तर देत नाही, असा संदेश पुन्हा पुन्हा. थोड्या वेळानं मुलाचं यंत्रही रखडायला लागलं.

तीन तास गेले. केबल बदलल्या, स्विच बदलला, सर्व्हरवरच्या सेवा बंद करून पुन्हा चालू केल्या. मुलगा म्हणत होता, सर्व्हरच जुना झालाय. शेवटी स्विचची पत्त्यांची यादी उघडली तर एकच पत्ता तिसऱ्या आणि पाचव्या पोर्टवर आलटून पालटून उड्या मारत होता. दोन्ही यंत्रांचं नाव 'कॉफी'. एकाची उत्तरं दुसऱ्याच्या दारात जात होती.

मी काकांना विचारलं, चिप कुणी बदलली? ते म्हणाले, "एका दुरुस्तीवाल्यानं. तेव्हापासून माझा आराखड्यांचा प्रोग्रॅम परवाना चुकीचा म्हणतो. त्यानंच सांगितलं, सिस्टिम नव्यानं टाका, होईल."

ऐकून मी हादरलो. परवाना होस्ट आयडीवर बांधलेला असतो. सिस्टिम शंभर वेळा टाकली तरी आयडी बदलत नाही. हा सल्ला देणाऱ्याला यंत्राला हात लावू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सकाळी 'सिस्टिम का बदलायची आहे?' हा साधा प्रश्न मीही विचारला नव्हता. पत्त्यांची टक्कर झाली नसती, तर जेवणाच्या वेळेपर्यंत मीच त्यांची डिस्क पुसून दिली असती.

काकांची डिस्क काढली, लिनक्सच्या संगणकाला जोडली, प्रतिमा घेतली आणि फक्त वाचण्यापुरती उघडली. परवान्याच्या फाइलमध्ये जुना होस्ट आयडी होता, ८० पासून सुरू होणारा. मेसेजेसच्या जुन्या लॉगमध्ये, बूट होताना कर्नलनं लिहिलेल्या ओळीत, खरा इथरनेट पत्ता. दोन्हींचे शेवटचे तीन बाइट जुळले. सोळा बाइट भरले, रीसेट केलं. जुन्याच सिस्टिमवर त्यांचा प्रोग्रॅम उघडला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एक आराखडा उघडून म्हणाले, "हा बघा, ही मोजमापं मी घातलीत."

मग मुलाच्या यंत्राचं झाकण उघडलं. आत चिकटपट्टीवर 'घड्याळ चिप बदलली' असं लिहिलेलं, खाली तारीख. अक्षर माझं. कितीतरी वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी यंत्रात, काम उरकायच्या घाईत मीच कॉफीचा पत्ता भरून दिला होता. तेव्हा त्याचा खरा आकडा कुठे लिहून ठेवला नाही. तो शोधायची एकच जागा उरली होती, ती डिस्क, आणि ती मी सकाळी पुसली होती.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "सर, मला काय फरक पडतो?" त्याच्या दृष्टीनं खरंही असेल. त्याला ०२ नं सुरू होणारा पत्ता भरून दिला, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या खऱ्या पत्त्याशी टक्कर होणार नाही. झाकणाच्या आत नवी पट्टी लावली: 'हा पत्ता मूळ नाही.' सर्व्हरवरची कॉफीची ओळही काढून टाकली.

रात्री जुन्या चिपांचा डबा उपसला. अकरा निघाल्या. सातांवर पिवळी बारकोडची पट्टी अजून आहे, तिच्यावर पत्त्याचे शेवटचे आकडे. त्यांतली एखादी त्याच्या यंत्राची असू शकेल. कोणती, ते कुठेच लिहिलेलं नाही.