पंखा घेण्याआधी मीटरची पाठ बघा

जुन्या बोटीला नवा पंखा (प्रॉपेलर) घ्यायला निघालं की प्रत्येक दुकानदार पहिलं हेच विचारतो: "फुल थ्रॉटलला आरपीएम किती?" म्हणजे लिव्हर पूर्ण पुढे असताना इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं. प्रश्न अगदी रास्त आहे. मी डॅशबोर्डवरच्या आरपीएम मीटरवर बघून "५५००" असं ठणकावून सांगत होतो आणि तिथेच सगळं फसलं. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात घातली आणि योग्य पंखा बसला दिवाळीच्या तोंडावर. मधला सगळा वेळ त्या एका आकड्याने खाल्ला.

बोट साडेपंधरा फुटी फायबरची, कर्ली खाडीत देवबागला असते. मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन. पंख्यावर शिक्का ११⅛ × १३. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पंखा लाकडात स्क्रू घुसावा तसा पाण्यात घुसला असता, तर एका फेऱ्यात जेवढा पुढे गेला असता ते पिच. शिक्का रंगाखाली दडलेला असतो. पात्यांच्या मधल्या भागावर तारेचा ब्रश मारून खडू घासला की आकडे उठतात.

तक्रार अशी की चार माणसं बसली की बोट नाळ (पुढचं टोक) वर करून अकरा-बारा सेकंद पाणी ढकलत राहायची, मग कुठे उचलायची. हे पिच जास्त असल्याचं लक्षण. पण मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची मर्यादा ४५०० ते ५५००, आणि मीटर वरच्या टोकाला टेकलेलं. पिच कमी की इंजिन जास्त फिरतं, त्या हिशेबाने पिच कमी पडतोय. दुकानातून सल्ला आला, १४ किंवा १५ चा घ्या. नशीब, पैसे भरण्याआधी कागद-पेन घेऊन बसलो.

हिशेब सोपा आहे. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले ६५६. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये. गिअर रेशो म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे; माझा १.८५. ५५०० × १३ ÷ १.८५ ÷ ६५६ म्हणजे जवळपास ५९. जीपीएसवर मिळत होते ४०. फरक ३२ टक्के. या फरकाला स्लिप म्हणतात. अशा हलक्या बोटीला १० ते २० टक्के स्लिप चालते. ३२ म्हणजे काहीतरी सरकतंय, नाहीतर कोणीतरी खोटं बोलतंय.

पहिला संशय पंख्याच्या रबरी बुशवर. पंख्याच्या पोटात रबर दाबून बसवलेलं असतं. वाळूच्या दांड्यावर पातं आपटलं तर गिअरऐवजी धक्का त्याने खावा म्हणून. जुनं झालं की ते आतल्या आत फिरतं, इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही. तपासायला पंखा काढून, बुशच्या पितळी नळीपासून बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायची, सुकू द्यायची, पंखा परत बसवून दोनदा फुल थ्रॉटल मारायचा आणि पुन्हा काढून बघायचं. रेघ तुटून सरकली असेल तर बुश गेलं. माझी रेघ जशीच्या तशी. पंखा निर्दोष.

मग उरलं मीटर. ते आधीच्या मालकाने कधीतरी बाहेरून आणून बसवलेलं. अशा मीटरच्या पाठीवर स्क्रूच्या डोक्याएवढी एक फिरकी असते, तिच्याभोवती ४पी, ५पी, ६पी असे खुणांचे आकडे. इंजिनच्या फ्लायव्हीलमधले चुंबक दर फेऱ्याला जेवढे विद्युत ठोके देतात, तेवढ्यावर ती फिरकी हवी. माझं इंजिन १२ ध्रुवांचं, दोन ध्रुवांना एक ठोका, म्हणजे ६ ठोके. फिरकी होती ५ वर. सहा ठोक्यांना पाचाने भागलं की आकडा २० टक्के फुगतो. ५५०० चे खरे ४५८०! त्याच सूत्रात ४५८० घातले तर वेग येतो ४९ आणि स्लिप साडेअठरा टक्के. सगळं जागेवर.

एवढ्यासाठी मी दुकानाशी किती फोन आणि किती वाद घातले, ते आठवून अजून चिडचिड होते. फिरकी बघायला डॅशबोर्डखाली आडवं पडून दहा मिनिटं लागतात. चावी बंद ठेवून, बारीक स्क्रू ड्रायव्हरने हलकं दाबून, ती पूर्ण टोकापासून टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा आणि मग हव्या आकड्यावर आणा. खाऱ्या हवेने आतले संपर्क गंजलेले असतात, आकडा बरोबर असूनही मीटर भरकटतं. आणि तरीही एकट्या मीटरवर विसंबू नका. स्पार्क प्लगच्या वायरीवर तार गुंडाळून चालणारं छोटं आरपीएम मीटर स्वस्तात मिळतं, त्याने ताडून घ्या. ते दर फेऱ्याला एक ठिणगी या सेटिंगवर लावायचं.

नेमका आकडा घ्यायची पद्धतही ठरलेली हवी. तळाचं शेवाळ आणि शिंपले खरवडलेले, टाकी अर्धी, नेहमीइतकी माणसं, भरती भरून पाणी थांबलेलं. खाडीत वर आणि खाली अशा दोन फेऱ्या, दोन्ही आकड्यांची सरासरी. त्याआधी इंजिन बंद असताना लिव्हर पूर्ण पुढे ढकलून कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडते का बघा. जुनी केबल ताणली असेल तर थ्रॉटल फुल होतच नाही आणि दोष पंख्यावर जातो. सिलिंडरचं कॉम्प्रेशनही मोजा; त्यांच्यात १० टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर आधी इंजिन दुरुस्त करा.

निवड मग सोपी झाली. खरे ४५८० म्हणजे मर्यादेच्या तळाशी, तेव्हा पिच जास्तच होता. एक इंच पिच कमी केला की आरपीएम साधारण २०० ने वाढतात. ११ चा घेतला (११⅝ × ११, पिच उतरला की व्यास थोडा वाढतो). भरल्या बोटीत ५०५०, वेग ३९, आणि बोट सहा-सात सेकंदांत उचलते. १० चा का नाही? दोघंच बसलो तर तो ५५०० पार करेल. "पूर्वीचाच नंबर घ्या" हा सल्ला जुन्या बोटीला लागू पडत नाही. तळातल्या फोममध्ये वर्षानुवर्षं पाणी मुरून बोट कारखान्यातून आली त्यापेक्षा जड झालेली असते.

स्टेनलेस स्टील घेतलं नाही. देवबागच्या वाळूत ॲल्युमिनियमचं पातं वाकतं ते परवडतं, धक्का गिअरपर्यंत जात नाही.

पंखा ज्यावर बसतो त्या शाफ्टवरचे दाते मोजायचे, हे सांगायचं राहिलं. माझे १३. पण दाते जुळले म्हणून दुसऱ्या कंपनीचा पंखा बसेलच असं नाही, शाफ्टची जाडी आणि थ्रस्ट वॉशरचा (पंख्याचा रेटा घेणाऱ्या चकतीचा) उतारही जुळावा लागतो. हा वॉशर जुन्या पंख्याला चिकटून बाहेर येतो आणि लोक तो पंख्याबरोबर फेकतात. त्याच्या मागे तंगूस (गळाची नायलॉन दोरी) गुंडाळलेला असेल तर काढा; तो ऑइल सील कापतो, आत पाणी शिरतं आणि गिअर ऑइल दुधासारखं होतं.

पाण्यात उतरवलेला पंखा दुकान परत घेत नाही, हे आधी विचारून ठेवा. बसवताना किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढलेली, दात्यांना पाण्यात न धुपणारं ग्रीस, पातं आणि वरची प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा. नट माझ्या मॅन्युअलप्रमाणे ३५ न्यूटन-मीटर. नट सुटू नये म्हणून त्यात घालायच्या पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी आवळून जुळवा, सैल करून नाही. पिन नवी, स्टेनलेसची.

१३ चा जुना पंखा बोटीतच ठेवलाय, बरोबर एक नट, दोन पिना आणि पाना.